बॉक्सएन वाघीण मळवायची कशी: एचओ मापातल्या मालडब्याचं डिटेलिंग आणि वेदरिंग

बॉक्सएन ही भारतीय रेल्वेची उघडी, उंच बाजूंची वाघीण. कोळसा किंवा लोहखनिज वरून ओतायचं, टिपलरवर अख्खी वाघीण पालथी घालून रिकामं करायचं आणि पुन्हा खाणीकडे जायचं, एवढंच तिचं काम. तिच्या अंगावरचा प्रत्येक डाग या कामातूनच आलेला असतो. मॉडेल मळवताना नेमका याचाच विसर पडतो. हाताशी गंजाच्या रंगाची बाटली असते म्हणून गंज फासला जातो, आणि डबा चालत्या रेकमधला, म्हणजे जोडून धावणाऱ्या वाघिणींच्या गाडीतला, न वाटता भंगारातला वाटतो. चालत्या बॉक्सएनवर धूळ जास्त आणि गंज त्या मानाने कमी असतो. म्हणून कामाचा क्रम असा ठेवायचा: आधी उन्हाने विटलेला रंग, मग मार आणि खरचटे, मग पाण्याचे ओघळ, आणि सगळ्यात शेवटी धूळ.

इथे एचओ माप, म्हणजे १:८७, गृहीत धरलं आहे. बॉडी प्लास्टिकची असो वा थ्रीडी प्रिंटची, पद्धत तीच. फरक पडतो तिथे वेगळं सांगितलं आहे.

आधी मापं आणि चाल

खऱ्या बॉक्सएनची लांबी कप्लरपासून कप्लरपर्यंत (कप्लर म्हणजे दोन डबे जोडणारा आकडा) १०,७१३ मिमी, रुंदी ३,२०० मिमी, रुळापासून उंची ३,२२५ मिमी. ८७ ने भागलं की मॉडेल सुमारे १२३ मिमी लांब आणि जवळपास ३७ मिमी रुंद व तेवढंच उंच हवं. लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक कप्लरच्या बसणीमुळे पडतो, तो सोडून द्या. उंचीत मात्र एक मिलिमीटरही खटकतो, कारण रेकमध्ये शेजारच्या वाघिणीचा काठ लगेच खालीवर दिसतो.

भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमी, म्हणजे मापात १९.३ मिमी. एचओच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. समोरून पाहिलं तर बोगी, म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा, अंगापेक्षा अरुंद वाटते ती यामुळे. त्यावर उपाय करायचा तर सगळा ट्रॅक हाताने बांधावा लागेल. बहुतेक लोक १६.५ वरच समाधान मानतात, आणि ते योग्यच आहे. बाजूने पाहताना हा फरक कळत नाही.

चाकांचं गणित जास्त कामाचं. बॉक्सएनखालच्या कॅसनब प्रकारच्या बोगीचं नवं चाक १,००० मिमी व्यासाचं, मापात ११.५ मिमी. बाजारात सहज मिळतात ती अमेरिकन वाघिणींची ३३ इंची आणि ३६ इंची चाकं, म्हणजे अनुक्रमे ९.६ आणि १०.५ मिमी. ३३ इंची घेऊ नका, वाघीण खाली बसल्यासारखी दिसते. ३६ इंची चालतं, कारण खरं चाकही झिजत आणि लेथवर घासलं जात ९०६ मिमीपर्यंत वापरलं जातं, आणि ते मापात १०.४ मिमीच भरतं. चाकं धातूचीच घ्या. प्लास्टिकच्या चाकांवर मळ लवकर साचतो आणि तोच रुळावर पसरतो.

वजनासाठी एनएमआरएची (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेच्या छंदिष्टांच्या संघटनेची) शिफारस सोपी आहे: एचओमध्ये मूळ १ औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. १२३ मिमी म्हणजे ४.८५ इंच, तेव्हा वजन साधारण ३.४ औंस, म्हणजे ९७ ग्रॅम. भरलेल्या वाघिणीत हे वजन कोळशाखाली लपतं. रिकाम्या उघड्या वाघिणीत लपवायला जागाच नसते. फ्रेमच्या मधल्या पोकळीत शिशाच्या पट्ट्या चिकटवून जेमतेम ७०-७५ ग्रॅम होतात. रेकमधल्या सगळ्या रिकाम्या वाघिणी तेवढ्याच वजनाच्या असतील तर काही बिघडत नाही. पुढे हलक्या आणि मागे जड अशी जोडणी केली की वळणावर हलक्या वाघिणी आतल्या बाजूला ओढल्या जाऊन रुळावरून उतरतात.

कप्लरची उंची केडी कंपनीच्या २०५ नंबरच्या गेजवर आत्ताच तपासा, आणि चाकांमधलं अंतर एनएमआरएच्या गेजवर. रंगकाम झाल्यावर बोगीखाली वॉशर घालायला गेलात तर बोटांनी निम्मं वेदरिंग निघून येतं.

डिटेलिंग: काय बदलायचं, काय सोडायचं

बॉडी कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडने जुन्या टूथब्रशने धुवा आणि रात्रभर सुकू द्या. साच्यातलं तेल राहिलं तर प्राइमर त्या जागी आकसतो. थ्रीडी प्रिंट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थरांच्या रेषा ४०० आणि मग ८०० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने घासा, पण फक्त सपाट पत्र्यावर. उभ्या पट्ट्यांच्या कोपऱ्यात पेपर घुसवला की कोपरे गोल होतात आणि ते पुन्हा धारदार करता येत नाहीत.

वरचा काठ नीट बघा. बॉक्सएनला वर जाड कोपिंग, म्हणजे काठाची पट्टी, असतं, त्यामुळे काठाची जाडी १ मिमी असली तरी खपून जाते. बऱ्याच प्रिंटमध्ये ती दीड मिमीच्या वर असते. आतल्या बाजूने फाइलने तिरकं घासून काठ १ मिमीवर आणा. रिकाम्या वाघिणीत सगळ्यात आधी नजर जाते ती इथे.

आता मार. टिपलरवर वाघीण पालथी होते तेव्हा ती वरून क्लॅम्पने धरलेली असते. म्हणून कोपिंग काही ठिकाणी दबलेलं, थोडं आतबाहेर झालेलं असतं. भाराने उभ्या पट्ट्यांमधला पत्रा बाहेर फुगतो. बाजूच्या खालच्या दारांचे पत्रेही क्वचितच सरळ असतात. हे दाखवायला दोन किंवा तीन पॅनल निवडा. आतून गोल बर (ड्रिलला लावायचं घासणारं टोक) लावून पत्रा अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ करा, हेअर ड्रायरने तेवढाच भाग गरम करा आणि चमच्याच्या गोल दांड्याने आतून हलकेच दाबून धरा. थंड होईपर्यंत सोडू नका, नाहीतर प्लास्टिक परत सरळ होतं. रेझिन प्रिंट कमी उष्णतेत मऊ पडतं आणि थंड असताना दाबलं तर तडकतं, म्हणून तिथे ड्रायर लांब धरा आणि घाई करू नका. सगळीच पॅनल फुगवलीत तर नियमित नक्षी दिसायला लागते. विषम संख्या आणि विषम जागा बऱ्या.

साच्यातच ओतलेल्या कड्या आणि पायऱ्या धारदार पात्याने कापून तारेच्या बसवा. खरी कडी साधारण २० ते २५ मिमी जाडीच्या सळईची, म्हणजे मापात पाव मिलिमीटरच्या आसपास. गिटारची सगळ्यात बारीक तार, ०.०१० इंचाची, बरोबर ०.२५ मिमी भरते आणि कुठल्याही वाद्यांच्या दुकानात मिळते. ती पोलादी असल्याने वाकत नाही, पण साध्या कटरची धार मोडते, तेव्हा जुना कटर वापरा. पितळी ०.३ मिमी तार वळवायला सोपी, पण हाताळताना चेपते. भोकं ०.३ किंवा ०.३५ मिमी ड्रिलने, पिन व्हाइसमध्ये धरून हाताने पाडा. आधी सुईने खूण दाबून घ्या, म्हणजे ड्रिल घसरणार नाही. कडी भिंतीपासून किती बाहेर राहावी यासाठी मधे ०.७ मिमी जाडीची कार्डाची पट्टी ठेवा आणि फेवीक्विक सुईच्या टोकाने आतल्या बाजूने लावा. बाहेरून लावलेल्या फेवीक्विकचा थेंब पुढे वॉशच्या, म्हणजे अगदी पातळ रंगाच्या हाताच्या, वेळी काळं वर्तुळ धरतो.

ब्रेकच्या होजसाठी ०.५ किंवा ०.६ मिमीची सोल्डर वायर उत्तम. ती हवी तशी लोंबते आणि तशीच राहते. टोकाला अँगल कॉकसाठी (पाइप बंद करायच्या तोटीसाठी) पितळी तारेचा छोटा तुकडा पुरतो. भारतीय रेल्वेत ब्रेक पाइपची खूण हिरवी आणि फीड पाइपची पांढरी असते. कॉकवर रंगाचा जेमतेम ठिपका द्या, अख्खा पाइप रंगवू नका; रबरी होज काळाच असतो. होज ट्रॅकच्या वर किमान दीड मिमी राहील असं बघा, नाहीतर पॉइंटवर, म्हणजे रूळ फुटतात तिथे, अडकेल.

खाली ब्रेकची सगळी रॉड-जोडणी करण्याची हौस चांगली, पण रुळावर उभ्या असलेल्या वाघिणीत नजरेला पडतं ते फक्त ब्रेक सिलिंडर, हवेची टाकी आणि कडेचं हँडब्रेकचं चाक. हँडब्रेकचं चाक जाड प्लास्टिकचं असेल तर एचिंगचं (पातळ धातूच्या पत्र्यातून कोरलेलं) लावा. तेवढ्या एका भागाने वाघिणीची बाजू बदलते. बाकी वेळ वरच्या काठावर खर्च करा.

मूळ रंग आणि विटणं

करडा प्राइमर पातळ मारा. एअरब्रश असेल तर रंग आणि थिनर साधारण निम्मे-निम्मे, दुधाइतकं पातळ, १५ ते २० पीएसआयवर, दहा-बारा सेंटिमीटर अंतरावरून. स्प्रे कॅनने करायचं तर कॅन आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा ठेवा. दाब सारखा राहतो. गरम पाणी नको. स्प्रे घराबाहेर किंवा खिडकीपाशी, मास्क लावूनच.

मूळ रंग रेड ऑक्साइडच्या जातीतला तांबूस तपकिरी. बाटलीतला रंग थेट वापरलात तर मॉडेलवर तो खऱ्यापेक्षा गडद दिसतो, कारण डोळ्यासमोर वाघीण फूटभर अंतरावर आहे आणि खरी आपण पन्नास-शंभर मीटरवरून पाहतो. दहा भाग रंगात एक भाग बफ (फिकट पिवळट) किंवा फिकट राखाडी मिसळून सुरुवात करा. पांढरा मिसळू नका, रंग गुलाबी होतो. रेड ऑक्साइड विटवताना हमखास होणारा घोटाळा हाच.

पहिला थर सारखा मारून झाला की त्याच मिश्रणात आणखी एक भाग बफ घालून, खूप पातळ करून, पॅनलच्या मधोमध आणि वरच्या दोन-तृतीयांश भागात हलका फवारा द्या. उभ्या पट्ट्यांच्या कडा आणि कोपिंगच्या लगेच खालचा भाग मूळ रंगाचा राहू द्या. एअरब्रश नसेल तर हेच काम पुढे ऑइल रंगाच्या ठिपक्यांनी होतं: कोरड्या मॅट पृष्ठभागावर बफ, पिवळी माती आणि राखाडी यांचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके ठेवायचे आणि टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळपास कोरड्या केलेल्या चपट्या ब्रशने वरून खाली ओढायचे. ठिपके मोठे ठेवलेत तर पॅनल चिखलाचं होतं.

अक्षरं आणि नंबर

डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची छापील अक्षरं, चकचकीत पृष्ठभागावरच बसवायचे. मॅट रंग सूक्ष्म खडबडीत असतो, डिकॅलखाली हवा अडकते आणि फिल्म चंदेरी चमकते. म्हणून ज्या जागी अक्षरं येणार तिथे ग्लॉस वार्निशचे दोन पातळ थर द्या आणि एक दिवस थांबा. डिकॅल सरकवून बसवल्यावर सेटिंग सोल्यूशन लावा. फिल्म सुरकुततात तेव्हा बोट लावू नका, त्या आपोआप सपाट होतात. तरी चंदेरी दिसलंच तर सुईने टोचून पुन्हा सोल्यूशन लावा. घरच्या प्रिंटरवर पांढरी अक्षरं छापता येत नाहीत, कारण साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई किंवा टोनर नसतो. ती पांढऱ्या टोनरवर छापून देणाऱ्यांकडूनच करून घ्या.

नंबर मनाने टाकू नका. भारतीय वाघिणीचा नंबर अकरा अंकी: पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार अंकी क्रमांक आणि शेवटी एक तपासणी अंक. उघड्या वाघिणींचे प्रकार १० ते २९ मध्ये येतात आणि मध्य रेल्वेचा अंक ०१. तपासणी अंक काढायला सम स्थानांवरच्या पाच अंकांची बेरीज तिप्पट करा, त्यात विषम स्थानांवरच्या पाचांची बेरीज मिळवा, आणि ती पुढच्या दहाच्या पटीला जायला किती कमी पडते ते लिहा. समजा १० ०१ ९० १२३४ घेतला. सम स्थानं ०, १, ०, २, ४, बेरीज ७, तिप्पट २१. विषम स्थानं १, ०, ९, १, ३, बेरीज १४. एकूण ३५, चाळिसाला ५ कमी. शेवटचा अंक ५. मालगाडीचे नंबर टिपणारे पाहुणे घरी आले तर एवढ्याने त्यांची बोलती बंद होते.

आणखी एक गोष्ट आहे ती ठिगळांची. रूटीन ओव्हरहॉल दर अठरा महिन्यांनी होतो आणि तारखेची स्टेन्सिल नव्याने मारली जाते. त्या जागी आधी ताज्या रंगाचा चौकोन मारलेला असतो. विटलेल्या अंगावर तो गडद चौकोन ठळक दिसतो. मास्किंग टेपने ८ बाय ६ मिमीची खिडकी करा, त्यात मूळ न विटलेला रंग मारा आणि तारखेचं डिकॅल त्यावर बसवा. याच्यावर धूळ चढेल, पण ओघळ आणि खरचटे येणार नाहीत, कारण ते जुने आहेत आणि ठिगळ नवं.

अक्षरं सुकली की पूर्ण अंगावर मॅट वार्निश. हा थर दोन कामं करतो: खालचं सगळं जपतो, आणि पुढच्या पावडरला पकड देतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकण-गोव्यात, सॉल्व्हंटचं मॅट वार्निश मारल्यावर पांढरट ढग येतात. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं. दमट दिवशी मारू नका. आलाच ढग तर कोरड्या दिवशी त्याच वार्निशचा एक पातळ ओलसर हात दिला की बहुतेक वेळा निघतो.

खरचटे: स्पंज आणि गडद तपकिरी

पॅकिंगच्या फोमचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरा. बर्न्ट अंबर आणि थोडा काळा मिसळलेला ॲक्रिलिक रंग घ्या, तुकडा आधी कागदावर टेकवून जवळपास सुका करा, मग कोपिंगच्या काठावर, दारांच्या बिजागऱ्यांवर, पायऱ्यांजवळ आणि वर फुगवलेल्या पॅनलच्या उंचवट्यावर टेकवा. रंग गडदच हवा. जुना गंज काळपट तपकिरी असतो. नारिंगी गंज फक्त ताज्या खरचट्याच्या कडेला, आणि तोही टाचणीच्या टोकाएवढा. नारिंगी जिथे जास्त, तिथे मॉडेल खोटं.

कोपिंगवर क्लॅम्प बसतो त्या दोन-तीन जागी ४बी पेन्सिलीने घासा. घासून उघडा पडलेला लोखंडी करडेपणा चंदेरी रंगाने कधीच येत नाही, ग्राफाइटने येतो.

आतली बाजू

इथे वेगळाच नियम लागतो. कोळशाच्या घर्षणाने आतला रंग टिकतच नाही, त्यामुळे आत मूळ रंग मारण्यात वेळ घालवू नका. आतून थेट गडद गंजाचा रंग द्या: तीन भाग बर्न्ट अंबर, एक भाग बर्न्ट सिएना, थोडा काळा. सुकल्यावर पॅनलगणिक थोडा फिका-गडद फरक करा. मग तळाच्या मध्यावर आणि भिंतींच्या खालच्या अर्ध्या भागात ६बी पेन्सिलीची पूड बोटाने किंवा इअरबडने चोळा, उभ्या दिशेने. कोळसा घसरतो तो वरून खाली, म्हणून चोळायचं तेही वरून खाली. कोपऱ्यांत काळ्या पावडरचे ढीग ठेवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडून पक्के करा. टिपलरमधून निघालेली वाघीणही अगदी रिकामी नसते.

ओघळ आणि वॉश

दोन वॉश पुरतात, पण त्यांची कामं वेगळी आहेत.

पहिला, सगळ्या अंगावर: १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १ ते २ मिली काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक. मऊ ब्रशने एका बाजूला एकदाच फिरवा आणि वाघीण आडवी ठेवून सुकू द्या. तो उभ्या पट्ट्यांच्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि रंगाची चमक मारतो. तीनदा वॉश मारून गडद करण्यापेक्षा एकदा मारून थांबणं बरं, कारण ओला असताना तो अर्धाही दिसत नाही. अल्कोहोल खालचा ॲक्रिलिक विरघळवू शकतं, तेव्हा मॅट वार्निश पूर्ण सुकलेलं हवं. त्याच जागी ब्रश घासत बसलात तर रंग निघून येईलच. काही सॉल्व्हंट वार्निशवर अल्कोहोल पडलं की पांढरट धुकं धरतं. घाबरू नका, वरून पुन्हा मॅट मारला की ते जातं. काही लोक तर उन्हाने विटलेला रंग दाखवायला मुद्दाम हे धुकं राखतात. अल्कोहोल पेट घेतं, जवळ उदबत्तीसुद्धा नको.

दुसरा, फक्त ओघळांसाठी: ऑइल रंगातला बर्न्ट अंबर, थोडा काळा. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून अर्धा तास ठेवा. पुठ्ठा त्यातलं तेल शोषून घेतो, नाहीतर ओघळ सुकल्यावरही तुळतुळीत राहतात. मग सगळ्यात बारीक ब्रशने, जिथे खरचटा आहे किंवा बिजागरी आहे तिथूनच, दोन-तीन मिमीची रेष काढा. पाच-दहा मिनिटांनी टर्पेंटाइनमध्ये बुडवून पुसलेल्या चपट्या ब्रशने खाली ओढा. ओघळाला उगम हवा. कशाखालूनही न निघता पत्र्याच्या मधोमध सुरू होणारा ओघळ लगेच पकडला जातो. सगळे सारख्या लांबीचे ओघळही तसेच. ऑइल सुकायला दोन-तीन दिवस द्या; वरून कोरडा वाटला तरी आत ओला असतो आणि वार्निश त्यावर भेगाळतं.

धूळ: गाडी कुठून आली?

इथे हात सैल सोडा, पण रंग जपून निवडा. चंद्रपूर, घुग्घुस, वणी, माजरी या खाणपट्ट्यांतून कोराडी, खापरखेडा, परळी किंवा भुसावळच्या वीज केंद्रांकडे जाणारी वाघीण काळ्या मातीच्या प्रदेशातून धावते. तिच्या खालच्या अंगावरची धूळ करडी-तपकिरी आणि काठाखाली कोळशाचा काळा. मुरगाव बंदरातून कुळे आणि ब्रागांझा घाटातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे कोळसा नेणाऱ्या रेकवर वर कोळसा आणि खाली जांभ्याची लाल माती असते. लोहखनिज वाहिलेल्या वाघिणीचा काठ आणि आतला भाग गडद विटकरी होतो, आणि हा रंग गंजापेक्षा जास्त लाल, जास्त भुकटीसारखा दिसतो. एकाच रेकमध्ये या तिन्ही धुळी मिसळल्या की पाहणाऱ्याला काहीतरी खटकतं, जरी कारण सांगता आलं नाही तरी.

पावडर विकत घ्यायची नसेल तर सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा. ऑइल पेस्टल मात्र अजिबात नको, त्याची भुकटी होत नाही आणि तेलकट थर बसतो. चपट्या मऊ ब्रशने खालून वर लावा, फ्रेमच्या कडेपासून बाजूच्या खालच्या एक-तृतीयांशापर्यंत, वर जाताना विरळ करत. चाकांच्या वर थोडी जास्त, कारण चाकाने उडालेली माती तिथेच बसते. दोन टोकांच्या भिंतींवर शेजारच्या वाघिणीच्या चाकांचे उभे शिंतोडे येतात: ब्रशमध्ये पातळ रंग घेऊन टाचणीने ब्रिसल मागे ओढून सोडा, पण आधी कागदावर करून पाहा.

पावडरवर मॅट वार्निश मारलं की तिचा निम्म्याहून जास्त रंग नाहीसा होतो. म्हणून हाताळल्या जाणाऱ्या वाघिणीवर पावडर जरा जास्त लावून वार्निशचा एकच हलका हात द्या. शोकेसमध्ये राहणारी वाघीण वार्निश न मारता तशीच ठेवा.

बोगी आणि कप्लर

कॅसनब बोगीची बाजू ओतीव पोलादाची. तिचा रंग आधीच धुळीखाली गेलेला असतो. चाकं काढून घ्या. बाजूंना गडद तपकिरी द्या आणि सुकल्यावर उंच भागांवर करड्या-तपकिरीने कोरडा ब्रश फिरवा. ब्रेक ब्लॉक चाकाच्या पृष्ठभागावर घासतात आणि ती काळपट-तांबूस भुकटी बोगीवर बसते, म्हणून ब्लॉकच्या आसपास पावडर गडद. बेअरिंगची एंड कॅप आसाबरोबर फिरते, तिच्या भोवती ग्रीसचा काळा ओलसर डाग साटिन वार्निशने द्या. अंगभर मॅट आणि नेमक्या चार-आठ ठिकाणी ओलसर चमक, हा फरक फोटोतही उठून दिसतो.

चाकाचा दर्शनी भाग गंजाच्या तपकिरीने रंगवा. रुळावर टेकणारा भाग आणि आसाची टोकं कोरी ठेवा. टोकांना रंग लागला तर वाघीण जड चालते आणि रेकच्या मधे ओढ वाढते. बोगीच्या खोबणीत ग्राफाइटची भुकटी टाका, तेल नको. तेलात धूळ चिकटते.

कप्लरला रंग लावू नका. नकल, म्हणजे त्याचं उघडझाप होणारं बोट, अडकतो. फक्त गंजाची पावडर कोरड्या ब्रशने लावा आणि स्प्रिंगजवळची झटकून टाका.

कोळसा

खरा दगडी कोळसा घ्या. लाकडी कोळशाचा पोत तंतुमय असतो आणि त्याला चमक नसते. कापडात गुंडाळून हातोडीने फोडा आणि दोन गाळण्यांमधून चाळा; ०.५ ते १.२ मिमीचे कण हवेत, म्हणजे खऱ्यात सुमारे ४ ते १० सेंटिमीटर. थोडी भुकटीही मिसळा. सगळे कण एकसारखे असले की ते मोहरी पसरल्यासारखे दिसतात.

वाघिणीच्या आतल्या मापापेक्षा अर्धा मिमी लहान अशी ३ मिमी फोमची पाटी कापा आणि त्यावर फोमचे उंचवटे चढवा. लोडरने भरलेल्या वाघिणीत दोन-तीन ढिगारे दिसतात. सायलोखाली भरलेली असेल तर लांब, सपाट माथ्याचा एकच ढीग. फोम आधी काळा रंगवा. फेविकॉल लावून कण पसरा, मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब ड्रॉपरने सोडा. थेंब विसरलात तर पाणी कणांवर गोळ्या होऊन बसतं. ओली पाटी वाघिणीत ठेवू नका, बाहेर वजनाखाली सुकवा, नाहीतर ती वाकते. खाली दोन लोखंडी वॉशर चिकटवा. वरून चुंबक लावला की अख्खा भार उचलता येतो, आणि तीच वाघीण परतीला रिकामी धावते.

रेक म्हणून

खऱ्या बॉक्सएन रेकमध्ये ५८ किंवा ५९ वाघिणी आणि ब्रेक व्हॅन असते. घरी बारा वाघिणी पुरेशा. बारापैकी सात मध्यम मळलेल्या, तीन जास्त मार खाल्लेल्या, एक पीओएच (ठरावीक काळाने होणारी मोठी ओव्हरहॉल) होऊन ताज्या रंगात आलेली आणि एक बॉक्सएनएचएल, बॉक्सएनचाच एक प्रकार. एचएल लांबीला किंचित मोठी, १०,९६३ मिमी म्हणजे मापात १२६ मिमी, आणि तिचं अंग स्टेनलेस स्टीलचं. तिच्यावर गंजाचे लांब ओघळ दाखवले तर चूक ठरेल. तिला करडं अंग, सांध्यांपाशी फिकट तपकिरी झाक आणि धूळ एवढंच द्या. पीओएच झालेली वाघीणही धुळीशिवाय सोडू नका, नाहीतर ती रंगवायची राहून गेली असं वाटेल.

सगळ्या एकाच दिवशी रंगवायला बसा, पण एकाच वेळी एकच पायरी बाराही वाघिणींवर करू नका; हात एकसारखा चालतो आणि बारा जुळी भावंडं तयार होतात. तीन-तीनच्या गटात, दर गटाला वॉशचं प्रमाण थोडं बदलून करा.

पहिले काही तास रेक धावली की पावडरचा काही भाग चाकांवर आणि रुळावर उतरतो. पहिल्या दिवशी दर अर्ध्या तासाने चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापडावरून फिरवा. कापड कोरं निघायला लागलं की थांबा.